कोकरांचे कपडे

केराबाईला अक्षरओळख नव्हती आणि तीही अक्षरांच्या वाटेला कधी गेली नव्हती. तरी गल्लीतल्या बायकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सगळ्यात जास्त बडबड तिचीच असे. माईकच्या चित्रावर अंगठा दाबून धरायचा आणि बोलत सुटायचं, एवढं एक सुनेनं, म्हणजे सुकन्यानं, तिला शिकवून ठेवलं होतं. मग काय विचारता! नळाला पाणी आलं, कचऱ्याची गाडी कोपऱ्यावर वळली, कुणाच्या शेळीनं कुणाची वाळवणं खाल्ली, सगळं केराबाईच्या तोंडून गल्लीला कळू लागलं. सोलापुरात पाणी कोणत्या दिवशी आणि किती वाजता येईल ह्याचा काही नेम नसतो, तेव्हा असं एक जागतं माणूस ग्रुपवर असणं सगळ्यांच्या सोयीचंच होतं. बायका तिला चिडवायच्या, पण नळ सोडायला तिच्याच आवाजावर धावायच्या.

केराबाई मूळची सांगोल्याकडच्या माळावरची. जन्म मेंढरांमागं चालण्यात गेला. गुडघे बोलायला लागले तेव्हा लेकानं, बिरुदेवनं, तिला शहरात आणलं. तो टॉवेलच्या कारखान्यात कामाला होता, सुकन्या घरी शिलाई मशीन चालवायची आणि नातू अभिमन्यू पहिलीत जात होता. नवरा ज्ञानू मात्र शहराला बधला नाही. दिवाळी झाली की तो आणि त्याचा भाऊ धुळा मेंढरं घेऊन निघायचे ते पावसाळ्याच्या तोंडाशी परत यायचे. रोज सांजेला ज्ञानूचा फोन यायचा. तो काही बोलका गडी नव्हे. "जेवलीस का, गुडघं कसं हायेत," एवढं विचारून झालं की तो फोन मेंढरांच्या दिशेनं धरायचा आणि केराबाई कान लावून ऐकत बसायची.

"अवो, त्या कानतुटकीला खोकला झालाय न्हवं?" ती विचारायची.

"व्हय, परवापासनं हाय."

सुकन्याला ह्याचं हसू यायचं आणि नवलही वाटायचं. केराबाईला त्यात नवल काहीच नव्हतं. धुक्यात, अंधारात, शेकडो मेंढरांच्या गलक्यात आपलं कोकरू आवाजावरूनच शोधायचं असतं, डोळे तिथं काय कामाचे? त्यामुळे तिची एक पक्की समजूत होती. फोटो काय कुणीही कसाही काढील, लिहिलेलं तर कुणीही लिहील, पण आवाज खोटा नसतो. मेंढी कधी खोटं ओरडत नाही, आणि तिच्या मते माणूसही खोटं रडत नव्हता.

त्या वर्षी थंडी भलतीच पडली. मेंढरांचा तळ तेव्हा करमाळ्याच्याही पलीकडे, नदीच्या पाण्याजवळ होता. तिथला गारठा हाडात शिरणारा आणि मेंढ्या नेमक्या त्याच दिवसांत व्यायला लागलेल्या. सकाळी उठावं तर एखादं कोकरू ताठ होऊन पडलेलं असायचं. ज्ञानूनं फोनवर एवढंच म्हटलं, "केरा, जुनी कापडं असतील तर धाड."

ही त्यांच्या घरातली जुनी रीत. आई मेलेल्या किंवा अशक्त कोकराला लहान मुलाचं झबलं, नाहीतर स्वेटर चढवायचं, पुढचे दोन पाय बाह्यांतून काढायचे, पोटाखाली एक नाडी बांधायची आणि रात्र काढायची. बिरुदेवची सगळी झबली कोकरांनी वापरली होती. आधी आपण घातली की आधी कोकरांनी, हे आईला विचारायचं धाडस मात्र त्यानं कधी केलं नाही.

केराबाईनं अंगठा दाबला आणि ग्रुपवर बोलली, "बायांनो, माज्या कोकरांना थंडी वाजतीया. लेकरांची आकूड झालेली कापडं असतील तर द्या की गं."

दोन दिवसांत पिशवी भरली. ज्यांच्या तोंडून कधी चांगला शब्द निघत नसे त्यांनीही टोपडी आणून दिली. शेजारची पार्वतम्मा दिवसभर दारात बसून विड्या वळायची. तिनं नातीचा आरशे लावलेला लाल फ्रॉक आणला आणि म्हणाली, "अय्यो, कोकरू आरशात तोंड बघील की गा!" सगळ्या हसल्या. सुकन्यानं अभिमन्यूचा हिरवा स्वेटर त्यात टाकला. तिनं स्वतः विणलेला, छातीवर पिवळं बदक असलेला. पोराला तो आखूड झाला होता, पण द्यायला तिचं मन होत नव्हतं. केराबाईनं तिच्या पाठीवरून हात फिरवला. मल्लेश नावाचा ओळखीचा पिकअपवाला त्या बाजूला माल घेऊन जायचा. त्यानं पिशवी फाट्यावरच्या चहाच्या टपरीत ठेवायची आणि ज्ञानूनं तिथून घ्यायची, असं ठरलं.

त्याच आठवड्यात ग्रुपवर तो आवाज आला. कुणीतरी बाई हुंदके देत बोलत होती. "सगळ्यांनी पोरं सांभाळा हो. टोळी आलीय. वेश बदलून फिरतात, झोळीत घालून नेतात. माझ्या बहिणीचा मुलगा नेला हो." पुढं नुसतं रडणं. केराबाईच्या काळजाचं पाणी झालं. अभिमन्यू त्या वेळी बाहेर गोट्या खेळत होता. तिनं त्याला दंडाला धरून घरात आणलं, कडी लावली, आणि तो आवाज बाणाच्या चित्रावर दाबून भावकीच्या ग्रुपवर, माहेरच्या ग्रुपवर, जिथं जाईल तिथं पाठवून दिला.

"आत्या, खात्री नसताना पुढं पाठवू नका," सुकन्या म्हणाली. "असले मेसेज दर वर्षी येतात."

"अगं, रडतीया की ती बाई. रडणं कुटं खोटं असतं व्हय?"

खरं सांगायचं तर सुकन्यानंही त्या दिवशी अभिमन्यूला शाळेतून आणायला स्वतः जायचं ठरवलं होतं. भीती अशीच असते, शहाण्या माणसाच्याही घरात ती मागच्या दारानं येऊन बसते.

त्यानंतर दोन-चार दिवसांनी, दुपारची वेळ. पार्वतम्मा विड्या वळत होती, केराबाई तिच्याजवळ बसून तांदूळ निवडत होती. आत मशीनची घरघर चालू होती. फोन वाजला. गल्लीतल्याच कुणीतरी ग्रुपवर एक व्हिडिओ टाकला होता. केराबाईनं तांदळाचा हात लुगड्याला पुसला आणि अंगठा ठेवला.

चित्र इतकं हलत होतं की आधी काही कळेना. पाय, धूळ, कुणाची तरी पाठ, एक काठी. माणसांचा गलका. आणि त्या गलक्यातून एक बारीक, चिरका आवाज. केराबाईनं तो लगेच ओळखला. नुकतंच जन्मलेलं, आई नसलेलं कोकरू. भुकेलं होतं. तिला वाटलं, कुणीतरी मेंढरांचा व्हिडिओ टाकलाय. एवढ्यात माणसाचा आवाज आला. "अवं दादा, ऐका की. अवं, ऐका तर खरं."

केराबाईच्या हातातलं सूप खाली पडलं.

मग तिला दिसायला लागलं. लाल पटका सुटून गळ्यात आला होता. कपाळावरून रक्त खाली उतरलं होतं. कुणीतरी पिशवी उलटी केली आणि झबली, टोपडी, चड्ड्या धुळीत पडल्या. एका पोरगेल्या हातानं हिरवा स्वेटर उचलून कॅमेऱ्यासमोर धरला. पिवळं बदक. "बघा, बघा, पोरांची कापडं! घावला टोळीवाला!" कुणीतरी ज्ञानूच्या पाठीत लाथ घातली आणि व्हिडिओ तिथंच संपला. संपला आणि फोननं आपोआप तो पुन्हा सुरू केला. पुन्हा कोकरू ओरडलं, पुन्हा ज्ञानू म्हणाला, "अवं दादा."

"सुकन्या!" केराबाई एवढ्या जोरात ओरडली की गल्लीतली कुत्री भुंकायला लागली.

सुकन्या धावत आली, तिनं बघितलं आणि तिचा चेहरा पांढराफटक पडला. पण पोरगी खंबीर. तिनं आधी ज्ञानूला फोन लावला. वाजत राहिला, कुणी उचलला नाही. मग पोलिसांचा एकशे बारा नंबर लावला. तिकडून विचारलं, "गाव कोणतं?" आणि इथंच घोडं अडलं. गाव कोणतं? व्हिडिओत गावाचं नाव कुठंच नव्हतं. मेंढरं रोज पुढं सरकतात. ज्ञानू सकाळी तळ सोडून एकटाच पुढं जायचा, कुठं गवत आहे, कोणता शेतकरी खतासाठी रानात मेंढरं बसवून घेईल, हे बघायला. अशा माणसाचा पत्ता काय सांगायचा? केराबाईनं जन्मभर नवऱ्याचा पत्ता वाऱ्यावर सोडला होता आणि त्याची तिला कधी भीती वाटली नव्हती.

"टपरी," केराबाई म्हणाली. "पिशवी टपरीतनं घेतली असंल. मल्लेशला इचार."

मल्लेशनं गाडी चालवता चालवता फोन उचलला आणि गावाचं नाव सांगितलं. ते नाव मी इथं लिहीत नाही. त्या दिवसांत ते कुठल्याही गावाचं असू शकलं असतं, माझ्या किंवा तुमच्याही. सुकन्यानं ते पोलिसांना सांगितलं. "गाडी पाठवतो," तिकडून उत्तर आलं. करमाळ्यापासून ते गाव काही हाकेच्या अंतरावर नव्हतं. मग तिनं कारखान्यात फोन केला, कारण कामाच्या वेळी बिरुदेवचा फोन कपाटात बंद असायचा.

तेवढ्या वेळात केराबाईनं स्वतः नवऱ्याचा फोन लावला. तिच्या यादीत नावं नव्हती, चित्रं होती आणि ज्ञानूच्या जागी एक मेंढा होता. मेंढ्यावर बोट ठेवलं. ह्या वेळी फोन उचलला गेला.

"बोल," एक तरणा आवाज म्हणाला.

"कोण बोलतंय? फोनवाल्याला द्या जरा. त्यांचा फोन हाय ह्यो."

"त्यांचा व्हय? कोण तू? टोळीतली का?"

मागं माणसं हसली. केराबाई घाईघाईनं म्हणाली, "दादा, तुज्या पाया पडते. त्यो माजा नवरा हाय. मेंढका हाय. आमची मेंढरं हायेत नदीकडंला, धुळा म्हणून दीर हाय, त्यास्नी बोलवा."

"मग पिशवीत पोरांची कापडं कशाला?"

"कोकरांना घालायला, दादा."

मग तो पोरगा फोन बाजूला धरून ओरडला, "ऐका रं, कोकरं कापडं घालत्यात म्हणं!" आणि हशाचा लोंढा आला. केराबाईनं आयुष्यात लांडग्यांची ओरड ऐकली होती, ती सुद्धा अशी लागली नव्हती.

पार्वतम्माला राहवलं नाही. तंबाखूनं पिवळे झालेले हात तसेच ठेवून तिनं फोन ओढून घेतला. "अरे ए! तो लाल फ्रॉक माझ्या नातीचा हाय गा! मीच दिला!"

"म्हणजे तुझीबी नात पळवली का ह्यानं?" पलीकडून प्रश्न आला, आणि फोन बंद झाला.

खरं सांगितलं की माणूस सुटतो, असं त्या दोघी आजवर धरून चालल्या होत्या. आता जे सांगावं ते उलटं त्याच्याच अंगावर पडत होतं. केराबाईच्या मनात आलं, मी कपडे मागितले नसते तर? आणि मग त्याच्याही मागून दुसरी गोष्ट आली, ती जास्त काळी होती. ती रडणारी बाई. मी ती पुढं पाठवली होती. माझ्या अंगठ्यानं. भावकीतल्या कुणी ती आणखी पुढं पाठवली असेल, त्यांच्या पाहुण्यांनी आणखी पुढं, आणि अशी ती त्या गावात पोचली असेल, तर?

तिनं ग्रुप उघडला आणि अंगठा दाबला. रडत रडतच बोलली. "बायांनो, त्यो आमचा माणूस हाय. कापडं तुमचीच हायेत. तुमीच दिलीत की. कुणीतरी बोला की गं. फोन करा, सांगा त्यांना."

सुकन्या स्क्रीनकडं बघत होती. संदेशाखाली निळ्या खुणा उमटत गेल्या. सगळ्यांनी ऐकलं होतं. कुणीतरी काहीतरी लिहीत असल्याचं वर दिसायचं आणि पुसलं जायचं. ज्या बाईनं व्हिडिओ टाकला होता तिनं तो गुपचूप काढून टाकला. एक बाई ग्रुपमधून बाहेर पडली. वीस पावलांवरच्या घरांत ह्या सगळ्या बायका बसल्या होत्या. त्यांच्या घरांतून टीव्हीचा आवाज येत होता. एकीचंही दार उघडलं नाही. पोलिसांचं लफडं, आपलं नाव यायला नको, नवरा काय म्हणेल, असं काहीतरी त्यांच्या मनात असणार. त्या वाईट बायका नव्हत्या. त्या भ्याल्या होत्या. पण त्या घटकेला केराबाईला ह्या दोन्हींतला फरक कळला नाही, आणि मलाही आज तो नीटसा सांगता येणार नाही.

तिनं मेंढ्यावर पुन्हा बोट ठेवलं. आता गळ्यात रडणं नव्हतं. रानात लांडगा आला की बाई रडत बसत नाही, ती गोफणीला हात घालते. फोन उचलला गेला तशी ती त्या पोराला बोलूच न देता म्हणाली, "मला एकच सांग. पोरगं कुणाचं गेलंय?"

"काय?"

"तुमच्या गावातलं पोरगं कुणाचं गेलंय? नाव सांग. आईचं नाव सांग. तिला फोनवर घे, तिच्याशी बोलते. एवढी जणं माज्या म्हाताऱ्याला मारताय, तर एक तर आई रडत असंल की तिथं? कुटं हाय ती?"

"गेलं न्हाय, पण नेणार होता," पोरगा पुटपुटला.

"कुणाचं नेणार होता? इचार, मोठ्यानं इचार!"

त्यानं विचारलं की नाही कोण जाणे. पण त्यानं फोन बंद केला नाही. बहुतेक खिशात घातला असावा, कारण आवाज घुसमटलेला येऊ लागला. केराबाई कान लावून बसली. गलका, शिव्या, काठी आपटल्याचा आवाज. तिला एकच आवाज शोधायचा होता आणि तो सापडत नव्हता. कोकरू सुद्धा गप्प झालं होतं. "ऐकू येत न्हाय," ती म्हणाली. "म्हातारा ऐकू येत न्हाय गं." सुकन्यानं तिचा हात घट्ट धरला. मग कुठून तरी एका बाईचा चढा आवाज आला, "शाळंतली सगळी पोरं आत जेवत्यात, मीच वाढून आले! कुणाला मारताय रं?" त्यावर कुणीतरी तिलाच गप्प बसवलं. पुन्हा गलका. आणि अगदी खालून, जमिनीला टेकलेल्या माणसाचा असावा असा, खोकला. ज्ञानूचा. रोज सकाळी तळावर उठल्यावर तो असाच खोकायचा.

"हाय," केराबाई म्हणाली. "जिवंत हाय."

पुढं गाडीचा भोंगा वाजला, माणसं पळाल्याचा धडधडाट झाला आणि फोन बंद पडला. पोलीस आले म्हणून तो वाचला, का त्या स्वयंपाकवाल्या बाईमुळं, का कुणीतरी खरंच आजूबाजूला विचारलं म्हणून, हे केराबाईला कधीच कळलं नाही. बिरुदेव कारखान्यातून थेट तिकडं गेला. दिवेलागणीनंतर त्याचा फोन आला. तीन बरगड्या गेल्या होत्या, डावा हात मोडला होता, एका कानानं ऐकू येत नव्हतं. पण शुद्धीवर होता. सगळ्यात आधी त्यानं विचारलं होतं, कोकराला दूध कुणी पाजलं का. कोकरू पाजायला उरलं नव्हतं.

ज्ञानू शाळेजवळून चालला होता, एवढाच त्याचा गुन्हा. पिशवी घेऊन निघाला, घोंगड्यात कोकरू होतं ते कुडकुडत होतं, म्हणून शाळेच्या ओट्यावर बसून त्यानं त्याला चढवायला बदकाचा स्वेटर बाहेर काढला. जेवणाच्या सुट्टीत बाहेर आलेली दोन-तीन पोरं बघायला गोळा झाली. मेंढक्याच्या घरात पोरानं कोकराकडं बघितलं की त्याच्या मांडीवर ते द्यायचं, ही रीत. त्यानं एका पोराला म्हटलं, "ये, घे." समोरच्या दुकानात फोन बघत बसलेल्या एकानं मान वर केली. त्याच्या फोनवर तो रडणारा आवाज आदल्याच दिवशी आला होता.

महिनाभरानं ज्ञानू सोलापुरात लेकाच्या घरी आला, पलंगावर पडून राहिला. गल्लीतल्या बायका एकेक करून आल्या. कुणी डाळिंबं आणली, कुणी पेंडखजूर. ग्रुपचा विषय कुणी काढला नाही. केराबाईनं सगळ्यांना चहा दिला आणि एकीच्याही डोळ्यांत बघितलं नाही. तिनं ग्रुपवर बोलणं बंद केलं होतं. नळाला पाणी आलं तरी ती आपल्यापुरतं भरायची.

व्हिडिओ मात्र बरा झाला नाही. तो वैरागच्या कुण्या पाहुण्याकडून परत आला, आता त्यावर लिहिलं होतं की हा माणूस परवा बार्शीकडं दिसला. मग अक्कलकोटच्या बाजूनं आला, खाली कानडी अक्षरं. मग कुणीतरी त्याला संगीत लावलं. सुकन्या प्रत्येक ठिकाणी लिहायची, हे खोटं आहे, हे माझे सासरे आहेत, पोलिसांनीही सांगितलंय. एका ठिकाणी पुसावं तर दुसऱ्या दोन ठिकाणी उगवायचा. शेवटी ती थकली आणि शिलाईला लागली. धुळानं फोनवर सांगितलं, "दादाला एवढ्यात धाडू नका. परवा एका गावात मलाच अडवलं. त्या व्हिडिओतल्यासारखाच दिसतोस म्हणले." ज्ञानूनं हे ऐकलं आणि दुसऱ्या दिवशी न्हाव्याकडं जाऊन मिशा काढून आला. पटका ट्रंकेत ठेवला. केराबाई लग्न होऊन आली तेव्हापासून त्या मिशा तिथं होत्या. तिनं त्याला ओळखलं, पण एक क्षण उशिरा. तो उशीर त्याला दिसला आणि तिलाही कळलं की त्याला दिसला. दोघंही तसेच जेवायला बसले.

उन्हं तापायला लागली तेव्हा डॉक्टर म्हणाले, थोडं चालत जा. मग तो रोज संध्याकाळी गल्लीच्या टोकापर्यंत जायचा आणि यायचा. मोकळ्या रानात दिवसभर चालणारा माणूस भिंतीच्या कडेकडेनं, कुणाच्या अंगावर सावली पडू नये असा चालायचा.

एके दिवशी केराबाई दारात उभी राहून त्याची वाट बघत होती. पलीकडच्या घरातलं दीड-दोन वर्षांचं पोरगं उघडंच रांगत, उठत, पळत बाहेर आलं, आणि ज्ञानूच्या बरोबर पुढ्यात, गटारीच्या कडेला तोंडावर आपटलं. ओठ फुटला. पोरगं आधी गप्प राहिलं आणि मग त्यानं गल्ली डोक्यावर घेतली. ते ज्ञानूच्या पायाशी होतं. वाकलं की हाताला लागलं असतं. जन्मभर पडलेली कोकरं त्यानं अशीच एका हातानं उचलली होती.

ज्ञानू वाकला नाही. त्यानं दोन्ही हात झटकन पाठीमागं घेतले, मोडलेला सुद्धा, आणि तो मागं सरकत सरकत भिंतीला टेकला. पोराकडं त्याचं लक्षच नव्हतं. तो वर बघत होता, खिडक्यांकडं, ओट्यांकडं, येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या हातांकडं. कुणाच्या हातात फोन आहे, कुणाचा आपल्याकडं वळलाय, हे शोधत होता.

"अवो, उचला की!" केराबाई ओरडली. "लेकरू हाय ते!"

त्यानं मान हलवली. नुसती हलवली, लहान मुलानं हलवावी तशी. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि हात मागंच होते.

केराबाई गुडघ्यांचा विचार न करता पायरी उतरली. पोराजवळ पोचली, हात पुढं केले. पोरगं तिच्याकडं बघून आणखी मोठ्यानं रडायला लागलं. आणि त्याला उचलायच्या आधी, स्वतःच्याही नकळत, तिनं मान वर करून गल्लीत दोन्हीकडं बघून घेतलं.